मूठभर भुसा

केळीच्या बागेच्या बांधावर, कडुनिंबाच्या सावलीला, पत्र्याची एक उभी खोली आहे. चार फूट लांब, चार फूट रुंद. दोघांनी दोन बाजूंनी धरली की उचलते. आत फरशी नाही, नळ नाही, खाली खड्डाही नाही. लाकडी पेटीवर बैठक, पेटीत वीस लिटरचा डबा, शेजारी भुशाचं पिंप आणि त्यात खोचलेलं पत्र्याचं मापटं. उठताना एक-दोन मापटी भुसा टाकायचा, झाकण लावायचं आणि बाहेरच्या टाकीवर साबणाने हात धुवायचे. वापरणाऱ्याचं काम इथे संपतं. पण हा संडास दहा वर्षं चालणार की पहिल्याच पावसाळ्यात अडगळीत पडणार, हे ठरतं ते दर तिसऱ्या दिवशी कुणीतरी मन लावून केलेल्या अर्ध्या तासाच्या कामावर. मला त्या अर्ध्या तासाबद्दल लिहायचं आहे.

आमचं सावदा हे रावेर तालुक्यातलं केळीचं गाव. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, आणि मध्ये काळ्या जमिनीवर नजर जाईल तिथवर बागा. घड कापणारी टोळी पहाटेच वावरात उतरते. कापणी, वाहतूक, फण्या धुणं, गाडी भरणं असं काम दिवसभर चालतं. या सगळ्यात बायांनी परसाकडला कुठे जायचं, हे कुणी विचारत नाही. पुरुष बागेत शिरतो. बाई सकाळपासून पाणीच कमी पिते. मे महिन्यात इथला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. अशा उन्हात पाणी टाळून राबणाऱ्या बाईला उन्हाळी लागते, लघवीची जळजळ होते, आणि ती तसंच काम करत राहते. वावरात पक्का संडास बांधावा, तर पाणी शेंदणार कोण, मैल्याची टाकी उपसणार कोण, आणि ठेक्याने केलेल्या जमिनीत बांधकाम करू देणार कोण? शिवाय काम आज या बागेत, तर पुढच्या आठवड्यात तिसऱ्याच. म्हणून संडासही कामामागे फिरला पाहिजे.

पहिल्या दिवशी खोली उभी केली तेव्हा टोळीतल्या एका बाईने आत डोकावून मला एकच प्रश्न विचारला होता. ‘भाऊ, हे साफ कोण करंल?’

प्रश्न साधा नाही. आपल्याकडे त्याचं उत्तर शतकानुशतकं जातीने दिलेलं आहे. मी म्हटलं, मी करेन. तिचा विश्वास बसला नाही, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही. पहिले दोन महिने डबा मीच नेला. तिसऱ्या महिन्यात तिने माझ्या हातातून खराटा घेतला आणि भुशाचं प्रमाण मी चुकवतो आहे, हे मला दाखवलं.

प्रमाण म्हणजे काय, ते समजून घेतलं की सगळं यंत्र उलगडतं. मैल्यात नत्र भरपूर आणि कर्ब कमी असतो. कुजवणाऱ्या जिवाणूंना एक भाग नत्रामागे पंचवीस-तीस भाग कर्ब लागतो. तो भुसा देतो, वाळका पाला देतो. शिवाय भुसा ओल शोषतो, मधे मधे हवा राखतो आणि माशीच्या वाटेत उभा राहतो. धुऊन काढणं ही आपली स्वच्छतेची कल्पना. इथे स्वच्छता म्हणजे झाकणं. ताज्या मैल्याचा एकही कोपरा उघडा राहता कामा नये. उघडा दिसला की मापटं कमी पडलं असं समजायचं.

लघवी वेगळी काढली तर निम्मी लढाई जिंकली. बैठकीच्या पुढच्या भागात चाडं असतं, त्याची नळी बाहेरच्या कॅनमध्ये जाते. शरीरातून बाहेर पडणाऱ्या नत्राचा फार मोठा वाटा लघवीत असतो आणि डब्यात दोन्ही मिसळले की अमोनियाचा डोळ्यांत झोंबणारा वास सुटतो. कॅनचं तोंड घट्ट बंद ठेवायचं, नाही तर तेच नत्र हवेत उडून जातं. दहापट पाण्यात मिसळून ही लघवी केळीच्या आळ्यात देता येते, फक्त पानांवर आणि खोडावर पडू द्यायची नाही. नळीत मात्र पांढरट खर बसते आणि केस अडकतात. महिन्यातून एकदा गरम पाण्यात लिंबूसत घालून ते नळीत तासभर धरून ठेवलं की खर सुटते. हे टाळलं की नळी तुंबते, लघवी मागे डब्यात उतरते आणि सगळा दोष भुशाच्या माथी येतो.

आपण पाणी वापरणारी माणसं, कागद नव्हे. त्यामुळे धुण्याची जागा वेगळी ठेवावी लागते. बैठकीवरून उठून शेजारच्या जाळीच्या पाटावर सरकायचं. तिथलं पाणी नळीने वाळू-खडी भरलेल्या उथळ चरात जातं, आणि त्या चरावर आम्ही कर्दळ लावली आहे. परदेशी पुस्तकं वाचून आपल्याकडे कोरडा संडास उभारणारे इथेच चुकतात. टमरेलाचं पाणी डब्यात गेलं की आतली हवा संपते, आणि कुजण्याऐवजी सडणं सुरू होतं.

आता तो अर्धा तास. हातात रबरी मोजे, पायात गमबूट. भरलेल्या डब्यावर चार बोटं भुसा टाकून झाकण घट्ट लावायचं आणि दुसरा धुतलेला डबा लगेच जागेवर ठेवायचा, तळाशी भुशाचा थर देऊन. तो थर विसरला की पुढच्या वेळी तळ खरवडत बसावं लागतं. खताच्या हौद्यात मधोमध दंताळ्याने खळगा करायचा, डबा त्यात उपडा करायचा, कडेचा जुना माल वर ओढायचा आणि त्यावर केळीच्या वाळक्या पानांचा हातभर थर द्यायचा. रिकाम्या डब्यात मूठभर भुसा टाकून लांब दांड्याच्या ब्रशने आतून घासायचं, मग दोन लिटर पाणी. ते पाणीही हौद्यातच, गटारात नाही. शेवटी साबणाचा हात, आणि डबा उन्हात उपडा. आमच्याकडचं ऊन जंतूंना क्षमा करत नाही. बैठक साबणाच्या फडक्याने पुसायची. फिनेल, ॲसिड, ब्लीचिंग पावडर यांतलं काहीही डब्यात किंवा हौद्यात जाऊ द्यायचं नाही. ज्यांच्या जिवावर हे चाललं आहे त्या जिवाणूंनाच ती मारतात. डब्याचा ब्रश, दंताळं, फावडं यांच्या दांड्यांना लाल रंग दिला आहे, म्हणजे ते दुसऱ्या कामाला उचललं जात नाही.

नाकाला इथे मीटरचा मान आहे. अमोनिया झोंबला तर भुसा वाढवा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर ओल फार झाली आहे, वाळका पाला घालून खालीवर करा. वास काहीच नाही, पण कित्येक आठवड्यांनीही माल होता तसाच, तर तो कोरडा पडला आहे. मुठीत दाबल्यावर ओलावा जाणवावा पण पाणी ठिबकू नये, एवढी ओल हवी. खान्देशात उन्हाळ्यात ही तिसरी तक्रार जास्त, पावसाळ्यात दुसरी.

पहिल्या पावसाळ्याने मला धडा दिला. पोतं जमिनीवर होतं, भुसा खालून भिजला, गोळा झाला आणि आठवडाभरात डब्यात अळ्या वळवळू लागल्या. ज्या बाया मोठ्या मुश्किलीने आत यायला लागल्या होत्या, त्या पुन्हा बागेत जाऊ लागल्या. मला त्या दिवसाची अजून लाज वाटते. तेव्हापासून पोतं विटांवर, प्लॅस्टिकच्या पिंपात असतं. पिंपात भुशाबरोबर थोडी चुलीची राख मिसळतो. पेटीतून वर जाणाऱ्या हवेच्या नळीला वर बारीक जाळी लावली आणि नळी काळी रंगवली. ऊन लागलं की आतली हवा तापून वर चढते, खोलीतली हवा खाली ओढली जाते, आणि उजेडाकडे झेपावणारी माशी जाळीत अडकते. आणखी एक गोष्ट तेव्हाच कळली. प्लायवूडचा भुसा नको, त्यात डिंक आणि रसायनं असतात. साध्या लाकडाचा भुसा, नाही तर केळीचं वाळकं पान चुरून. आमच्या गावात पाल्याला तोटा नाही.

या कामाची एक जुनी वाट आमच्या दारावरून गेली आहे. सावद्याजवळच फैजपूर. डिसेंबर १९३६मध्ये तिथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, आणि बांबू-लाकडातली सजावट नंदलाल बोस यांची होती. शाळेच्या पुस्तकात एवढं येतं. पण हजारो माणसं खेड्यात आली की मैल्याचं काय करायचं, हा प्रश्न तिथेही होताच. मैला वाहण्याच्या आणि गावसफाईच्या कामात साने गुरुजींनी तेव्हा पुढाकार घेतला. अमळनेरच्या शाळेत मुलांना शिकवणारे गुरुजी, १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीता-प्रवचनं उतरवून घेणारे गुरुजी. त्यांच्या हातातली ती घाण मला त्यांच्या कुठल्याही पुस्तकाइतकीच मोलाची वाटते.

कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी हे काम आयुष्याचं केलं. १९३२मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी मैलासफाईचं काम मागितलं. सवर्ण कैद्याला ते देता येत नाही, असं उत्तर मिळालं. अप्पांनी अन्न कमी केलं, येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास धरला आणि सरकारला नमतं घ्यावं लागलं. पुढे १९४८मध्ये कणकवलीला गोपुरी आश्रम उभा राहिला आणि तिथल्या प्रयोगांतून गोपुरी संडास आला. जमिनीवर बांधलेले कप्पे आळीपाळीने वापरायचे, मैल्यावर माती-पाला टाकायचा, भरलेला कप्पा बंद करून मुरू द्यायचा, मग मागच्या दारातून खत काढायचं. अप्पांना संडास केवळ स्वच्छ नको होता, तर दुसऱ्या माणसाला मैल्यात हात घालावा लागणार नाही असा हवा होता. देहूला डॉ. मापुसकरांनी हीच ओढ पुढे नेली. मैल्यावर चालणारे गोबरगॅस संडास त्यांनी उभारले, आणि मरणोत्तर २०१७मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी देहूत काढलेल्या तंत्रनिकेतनाला अप्पांचंच नाव आहे.

हाताने मैला उचलायला लावण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्याची एक ओळ मला इथे महत्त्वाची वाटते. पूर्ण कुजण्याआधी मैला माणसाला हाताने उचलावा लागतो तो संडास अस्वच्छ, अशी त्यात व्याख्या आहे. म्हणजे सगळी मदार कुजण्यावर, आणि कुजायला वेळ लागतो. डबा तर कुजण्याआधीच हलवावा लागतो, म्हणून आमच्याकडे एक शिस्त आहे. डबा नेण्यासाठी कुणालाही मजुरी देऊन लावायचं नाही. जे संडास वापरतात तेच पाळीने नेतात, आणि त्या पाळीत मालकाचं नाव पहिलं असतं.

वेळेच्या बाबतीत घाई परवडत नाही. जंताची अंडी सगळ्यांत चिवट. हौदा चांगला तापला, पन्नास अंशांवर दिवसभर राहिला, तर ती मरतात. पण कडेचा भाग तितका तापेलच असं नाही. म्हणून हौदे दोन. एक भरायचा आणि दुसरा वर्षभर हात न लावता ठेवायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या मार्गदर्शनातही आपल्यासारख्या उष्ण हवेत वर्षाहून अधिक साठवण सुचवली आहे. हौद्यावर पत्रा, आणि पत्र्यावर खडूने बंद केल्याची तारीख. तारीख पुसली गेली तर त्या दिवसापासून पुन्हा वर्ष मोजायचं.

गेल्या महिन्यात जुना हौदा उघडला. काळसर, भुरभुरीत माल, बोटाला न चिकटणारा. चाळणीत आंब्याची एक कोय उरली, शर्टाचं एक बटण आणि केळीच्या पानाच्या चार-दोन शिरा. जुन्या माणसांचा शब्द सोनखत. ते आम्ही केळीच्या बुंध्यापासून हातभर दूर चर काढून पुरलं. मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात ते कधीच जात नाही. केळीचा घड उंच लटकतो, मातीला लागत नाही, म्हणून हे पीक या खताला बरं.

सोमवारपासून कापणी पलीकडच्या पिलबागेत, म्हणजे पिलांवर धरलेल्या बागेत, आहे. खोली आज संध्याकाळीच तिकडे न्यायची. आधी पेटी आणि लघवीचा कॅन, मग पत्र्याचा सांगाडा, शेवटी भुशाचं पिंप. चर नवा खणावा लागेल आणि कर्दळीचे दोन कंद उपटून बरोबर घ्यावे लागतील.