‘२१४-बी’ म्हणजे काळी यादी नव्हे

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत खिडकीवरूनच पासपोर्ट परत आला आणि सोबत एक छापील कागद हातात पडला, की आईबाबांचा पहिला फोन जातो न्यू जर्सीला किंवा डॅलसला, मुलाकडे, दुसरा एजंटला. संध्याकाळपर्यंत सोसायटीतला प्रत्येक जण एकेक नियम सांगून जातो. सहा महिने थांबावंच लागतं. पुढच्या वेळी चेन्नईला जा. मुलाच्या पगाराच्या स्लिपा जोडा. यातला एकही नियम कायद्यात नाही.

कायद्यात काय आहे, ते आधी पाहू. अमेरिकेचा स्थलांतरविषयक मूळ कायदा १९५२ चा. त्याचं कलम २१४ (बी) सांगतं, की व्हिजिटर व्हिसा मागणारा प्रत्येक माणूस तिथे कायमचा राहायलाच निघाला आहे असं अधिकाऱ्याने गृहीत धरावं. तसं नाही हे पटवून देणं अर्जदाराचं काम. म्हणजे त्या कागदावर ‘२१४-बी’ दिसलं म्हणून बाबांवर काही ठपका आला, नाव काळ्या यादीत गेलं, असं मुळीच नाही. त्या दिवशी, त्या खिडकीवर, खात्री पटली नाही, एवढंच. या निर्णयावर अपील नाही. पण पुन्हा अर्ज करायला सक्तीची मुदतही नाही. अपॉइंटमेंट मिळाली तर पुढच्या महिन्यातही जाता येतं. दर वेळी डीएस-१६० हा व्हिसाच्या अर्जाचा नवा फॉर्म आणि माणशी १८५ डॉलर नव्याने भरायचे. व्हिसा नाकारला तर ते परत मिळत नाहीत.

मात्र त्याच कागदावर ‘२२१-जी’ असेल तर गोष्ट वेगळी. तिथे एखादं कागदपत्र हवं असतं किंवा तपास बाकी असतो. मागितलेले कागद वर्षभरात दिले तर नवी फी लागत नाही. घाईघाईत नवा अर्ज ठोकून पैसे घालवणारे लोक आहेत, म्हणून हे सांगितलं.

सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज मुलाच्या पैशाचा. ‘माझा पगार एवढा, घर स्वतःचं, सगळा खर्च मी करणार, मग नाही का म्हणाले?’ मुलाचं हे म्हणणं समजण्यासारखं आहे. त्याच्या स्वतःच्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या वेळी कागदच बोलले होते. पण एच-वन-बी आणि एल-वन या व्हिसांना वरचं गृहीतक कायद्यानेच लागू नाही. आईवडिलांना ते पूर्ण लागू आहे. त्यांचं पाहुणेपण ठरतं ते त्यांच्या इथल्या आयुष्यावरून: पेन्शन, दुकान, शेती, इथे असलेली दुसरी मुलं, घरात सांभाळायची म्हातारी माणसं. निमंत्रणपत्र किंवा खर्चाची हमी आवश्यक नाही, असं अमेरिकेचं परराष्ट्र खातं स्वतःच सांगतं. उलट मुलाच्या श्रीमंतीचंच वर्णन चाललं, तर ऐकणाऱ्याच्या मनात साधा प्रश्न येतो: मग परत कशाला येतील?

फाइलीचंही तसंच. सातबारा, फ्लॅटचा करारनामा, एफडीच्या पावत्या, व्हॅल्युएशन रिपोर्ट अशी दोन किलोंची फाइल घेऊन माणसं रांगेत उभी असतात, आणि अनेकदा अधिकारी ती मागतही नाही. त्याच्यासमोर पडद्यावर डीएस-१६० असतो, मागच्या मुलाखतीच्या नोंदी असतात, आणि हाताशी असतात जेमतेम काही मिनिटं.

आणि इथेच खरी गंमत होते. फॉर्म बहुतेक घरांत मुलगा भरतो, तिकडच्या रात्री, दिवसभराची नोकरी उरकून. आईवडिलांनी तो वाचलेलाच नसतो. फॉर्मात लिहिलेलं असतं, मुक्काम तीन आठवडे. खिडकीवर ‘किती दिवस राहणार?’ असं विचारल्यावर आई मोकळेपणाने सांगते, ‘सहा महिने, तेवढंच तर देतात ना!’ बाबांच्या कामाच्या रकान्यात नुसतं ‘रिटायर्ड’. तीस वर्षं जिल्हा परिषदेत काढली, महिन्याला पेन्शन येते, त्याचा पत्ता नाही. कुणी खोटं बोललेलं नसतं, पण फॉर्म एक सांगतो आणि माणूस दुसरं. फॉर्म भरायला कुणी मदत केली का, असाही प्रश्न त्यात असतो. मुलाने भरला असेल तर सरळ ‘हो’ लिहावं.

‘मुलीच्या बाळंतपणाला जातोय असं सांगू नका’ हा सल्ला तर धोकादायकच. मुलीला भेटायला, नातवंड बघायला जाणं हे व्हिजिटर व्हिसाचं रीतसर कारण आहे. लपवण्यासारखं त्यात काही नाही. ‘नायगारा बघायचाय’ असं पढवून पाठवलं आणि पुढच्या प्रश्नाला खरं बाहेर आलं, तर मामला २१४-बीवर थांबत नाही. महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितली असं ठरलं, तर कायमची बंदी येऊ शकते. मागचा नकार लपवणं हेही त्याच जातीचं. डीएस-१६० तो प्रश्न थेट विचारतो आणि उत्तर त्यांच्याकडे आधीच असतं. मुलगा अमेरिकी नागरिक झाला असेल आणि त्याने आईवडिलांच्या ग्रीन कार्डसाठी अर्ज टाकला असेल, तर तेही लिहावं लागतं.

शहर बदलल्याने काही बदलत नाही. दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद, कुठेही कायदा तोच आणि नोंदीही त्याच. दुबई-सिंगापूरचे शिक्के मारून पासपोर्ट ‘जड’ केला की व्हिसा मिळतोच, असाही नियम नाही. त्या सहली हौसेने कराव्यात, व्हिसासाठी नव्हे. इंग्रजी येत नाही म्हणून नाकारलं, ही समजूतही सोडा, मुंबईत मराठीत मुलाखत देता येते. ऐंशीच्या आजोबांना मुलाखतच लागत नाही, हा मात्र खरोखरच नियम होता. २०२५ च्या सप्टेंबरपासून तो बहुतांशी गेला.

टोरांटोच्या मावसभावाचं किंवा लंडनच्या मैत्रिणीचं ऐकताना एक भान ठेवा. कॅनडा आणि ब्रिटन व्हिजिटर व्हिसाचा निर्णय मुख्यतः कागदांवरच घेतात. तिथे निमंत्रणपत्र आणि बँकेच्या खात्याचे उतारे यांना खरंच वजन असतं. ब्रिटनच्या नकारपत्रात कारणं लिहून येतात, कॅनडात अधिकाऱ्याच्या नोंदी रीतसर मागवता येतात, आणि नवा अर्ज त्या कारणांना उत्तर देणारा लिहिता येतो. शिवाय या दोन्ही देशांचे फॉर्म दुसऱ्या देशाने नाकारलेला व्हिसाही विचारतात. म्हणजे मुंबईतला नकार तिथेही सांगावा लागतोच.

मग पुन्हा कधी जावं? परिस्थिती खरोखर बदलली असेल तेव्हा, किंवा पहिल्या वेळी खरी परिस्थिती फॉर्मात नीट आलीच नव्हती असं दिसलं तेव्हा. दोन्ही नसेल, तर तेच उत्तर ऐकायला पुन्हा १८५ डॉलर भरू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पुन्हा अर्ज करण्याआधी मागच्या डीएस-१६० ची प्रत काढा, व्हिडिओ कॉलवर आईबाबांना एकेक रकाना मराठीत वाचून दाखवा, आणि जिथे ते ‘असं नाहीये रे’ म्हणतील तिथे खूण करा.