गाय गाभडली तर? निदान टाळल्यास धोका साऱ्या गोठ्याला

डहाणूहून बोर्डीकडे जाणाऱ्या किनारी रस्त्यावर चिखले हे गाव लागते. चिकूच्या वाड्यांच्या या पट्ट्यात एक-दोन जनावरे बाळगणाऱ्या कुटुंबासाठी गाभण गाय म्हणजे पुढील वर्षाची बेगमी. ती सहाव्या-सातव्या महिन्यात गाभडली, की दुसऱ्या जनावराची धडक किंवा नशीब यांना दोष देऊन अनेकदा विषय संपविला जातो. गर्भपाताचे कारण संसर्गजन्य असेल, तर ही समजूत महागात पडते.

गायीचा गर्भकाळ सुमारे २८० दिवसांचा असतो. सातव्या महिन्यात गर्भ पडल्यास गर्भाशय पूर्ववत होण्यास लागणारे दोन महिने आणि नवा गर्भकाळ धरता पुढचे वेत सुमारे नऊ महिन्यांनी लांबते. वैरणीचा खर्च मात्र सुरूच राहतो.

वार ओढू नये

गर्भपातानंतर वार अडकण्याचे प्रमाण अधिक असते. एरवी ती साधारण १२ तासांत पडते. न पडल्यास तिला वजन बांधणे किंवा हाताने ओढून काढणे धोक्याचे आहे. त्यामुळे गर्भाशयाला इजा होऊन जंतुसंसर्ग बळावतो आणि गाय पुन्हा गाभण राहणे कठीण होते. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा खाणे बंद झाल्यास पशुवैद्यक प्रतिजैविके देतात.

काही वेळा गर्भ पोटातच मरून वाळतो आणि दिवस भरूनही गाय वीत नाही. अशा वेळी तपासणीअंती प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन देऊन मृत गर्भ बाहेर काढला जातो. मार, विषबाधा, बुरशी लागलेला चारा, तीव्र ताप तसेच लेप्टोस्पायरोसिससारखे आजार ही गर्भपाताची इतर कारणे होत.

ब्रुसेलोसिसचा फसवेपणा

सर्वाधिक धास्ती असते ती ब्रुसेलोसिसची. डेन्मार्कचे पशुवैद्यक बर्नहार्ड बँग यांनी १८९७ मध्ये त्याचा जंतू शोधून काढला. या रोगात गर्भपात बहुधा पाचव्या महिन्यानंतर होतो. बाधित गाय अनेकदा एकदाच गाभडते आणि पुढे दिवस भरून विते. त्यामुळे ती बरी झाली असे मालकाला वाटते. प्रत्यक्षात तिच्या दुधातून आणि विण्याच्या वेळच्या स्रावातून जंतू बाहेर पडतच राहतात व इतर जनावरांना बाधा होते.

म्हणूनच निदान महत्त्वाचे. त्यासाठी रक्ताची रोझ बेंगॉल चाचणी व दुधाची रिंग चाचणी केली जाते. पडलेला गर्भ आणि वार यांचे नमुने पशुवैद्यकाने घेतल्यावर ते चुना टाकून खोल पुरावेत. उकिरड्यावर टाकल्यास कुत्री ते इतरत्र नेतात.

बाधित गायीला खात्रीने बरे करणारा व्यवहार्य उपचार नाही. अनेक देशांनी बाधित जनावरे कत्तल करून आणि मालकांना भरपाई देऊन हा रोग आटोक्यात आणला. महाराष्ट्रात गोहत्याबंदी कायदा लागू असल्याने गायींच्या बाबतीत तो मार्ग बंद आहे. बाधित गाय वेगळी बांधणे आणि पुढील पिढीला लस टोचणे हेच उपाय उरतात. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ-खुरकुतासोबत ब्रुसेलोसिसचाही समावेश करण्यात आला. त्याअंतर्गत चार ते आठ महिने वयाच्या कालवडी व पारड्यांना आयुष्यात एकदाच लस दिली जाते. ही लस जिवंत जंतूंची असल्याने गाभण जनावरांना व नरांना दिली जात नाही. त्यामुळे कालवडीचे वय उलटून जाणे म्हणजे संधी हुकणे होय.

माणसालाही बाधा

कच्चे दूध, तसेच गाभडलेल्या जनावराचा स्राव उघड्या हाताने हाताळणे यांतून हा रोग माणसाला होतो. उलटून येणारा ताप, घाम व सांधेदुखी ही त्याची लक्षणे. दूध नीट उकळल्यास किंवा पाश्चराइज केल्यास जंतू मरतात. त्यामुळे शहरी ग्राहकाला बचाव सोपा आहे. खरी जोखीम गोठ्यात राबणाऱ्यांची आणि पशुवैद्यकांची असते. त्यामुळे गाय गाभडताच तिला वेगळे बांधणे, हातमोजे वापरणे आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर संपर्क साधणे श्रेयस्कर ठरते.