देवाचा धाक आणि नास्तिकाची नीती

‘देवाचा धाक नसला की माणूस काहीही करायला मोकळा’ हे वाक्य लग्नाच्या पंगतीपासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. हल्ली त्याला ‘मानसशास्त्रानेही हे सिद्ध केलंय’ अशी पुस्तीही जोडलेली असते. मानसशास्त्राने सिद्ध केलंय ते एवढंच, की लोकांना असं वाटतं! ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’मध्ये २०१७ साली आलेल्या अभ्यासात भारतासह १३ देशांतल्या तीन हजारांवर लोकांपुढे एका माणसाचं वर्णन ठेवलं होतं : लहानपणी प्राण्यांचा छळ, मोठेपणी बेघरांचे खून. तो ‘शिक्षक’ असण्याची शक्यता जास्त, की ‘शिक्षक आणि नास्तिक’ असण्याची? हिशेबाने पहिलीच, कारण नास्तिक शिक्षकही शिक्षकांतच मोजले जातात. काहींना ‘नास्तिक’च्या जागी ‘धार्मिक’ हा शब्द दिला होता. त्यांच्या तुलनेत ‘नास्तिक’वाल्यांकडून हिशेबाची चूक जवळपास दुपटीने झाली. चुकणाऱ्यांत खुद्द नास्तिकही होते.

हा झाला पूर्वग्रह. आता प्रत्यक्ष वागणं. ‘सायन्स’मधल्या २०१४च्या अभ्यासात अमेरिका-कॅनडातल्या १२५२ प्रौढांना तीन दिवस, रोज पाच वेळा मोबाइलवर विचारलं गेलं : गेल्या तासाभरात काही चांगलं-वाईट केलंत, पाहिलंत? धार्मिक आणि निधर्मी यांच्या सत्कृत्यांत आणि दुष्कृत्यांत फरक सापडला नाही. स्वतःबद्दल कोण खरं सांगतं, ही शंका रास्त आहे. म्हणून प्रिन्स्टनचा १९७३चा प्रयोग पाहा. धर्मशिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना भाषणासाठी शेजारच्या इमारतीत पाठवलं. निम्म्यांचा विषय होता बायबलमधली परोपकारी शोमरोन्याची, म्हणजे वाटेत पडलेल्या जखमीला मदत करणाऱ्याची, गोष्ट. वाटेत दारापाशी एक माणूस खोकत, कण्हत पडलेला. घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले. उशीर झालाय असं सांगितलेल्यांपैकी अवघे १० टक्के. कोण थांबेल हे त्यांच्या धार्मिकतेवरून सांगता आलं नाही. प्रयोग छोटा होता, हे मान्य. पण ‘सिद्ध झालंय’ म्हणणाऱ्यांकडे तेवढाही नसतो.

यावर ‘भाविक जास्त दान करतात’ हा आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. अमेरिकी पाहण्यांत तसं दिसतं. मात्र राज्यशास्त्रज्ञ पुटनम आणि कॅम्पबेल यांनी २०१०च्या ग्रंथात दाखवलं, की हे औदार्य श्रद्धेच्या तत्त्वांपेक्षा प्रार्थनास्थळातल्या मैत्रीच्या जाळ्याशी बांधलेलं असतं. नास्तिकांनीही टाळ्या पिटू नयेत. ‘धार्मिक घरांतली मुलं कमी उदार’ हा २०१५चा गाजलेला निष्कर्ष देशांचे सांकेतिक क्रमांक चुकून खऱ्या आकड्यांसारखे वापरल्यामुळे आला होता. तो शोधनिबंध २०१९मध्ये मागे घेतला गेला. तरी अजून फिरवला जातोच.

बाकीचे समज थोडक्यात. मेंदूत ‘देवाचा बिंदू’ सापडलेला नाही. चुंबकीय शिरस्त्राणाने दैवी अनुभव येतो, हा दावा २००५मध्ये स्वीडिश संशोधकांच्या तपासणीत टिकला नाही. श्रद्धाळू माणूस सगळीकडेच जास्त सुखी नसतो. धर्माचं वजन जास्त असलेल्या समाजांत हा सुखातला फरक ठळक दिसतो. आणि फ्रॉइडने १९२७मध्ये धर्माला भ्रम म्हटलं, तो त्याचा युक्तिवाद होता, प्रयोग नव्हे. देव आहे की नाही, हे तपासण्याची पद्धत मानसशास्त्राकडे आजही नाही.