बांधावरचा मुका जागल्या
हरणांची छायाचित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्याची पहिली ओळख

हरभरा फुलोऱ्यावर आला की विदर्भातील वनालगतच्या शिवारात शेतकऱ्याची झोप उडते. दिवसभर राबलेला माणूस रात्री घोंगडी, काठी व विजेरी घेऊन पुन्हा शेताची वाट धरतो. मचाणावर बसून तो जागल करतो, डबा वाजवितो, शेकोटी पेटवितो. परंतु पहाटे क्षणभर डोळा लागतो आणि तेवढ्यात दोन-चार तासांचे शेंडे कोणीतरी खुडून नेलेले असतात. "हरणे आली होती," असे तो सकाळी सांगतो. कोणती हरणे, किती, कोणत्या बाजूने आणि केव्हा आली, हे मात्र त्याला सांगता येत नाही. या चार प्रश्नांची उत्तरे देणारे एक लहानसे साधन म्हणजे ट्रॅप कॅमेरा होय.

रात्री वन्यप्राण्याकडून त्याचेच छायाचित्र काढवून घेण्याची युक्ती जुनी आहे. अमेरिकेतील जॉर्ज शायरस यांनी वाटेवर दोरी ताणून, तिला हिसका बसताच प्रकाश चमकावा अशी योजना केली. अशा रात्रीच्या प्रयत्नांतून मिळालेली हरणांची व इतर प्राण्यांची त्यांची छायाचित्रे १९०६ साली 'नॅशनल जिओग्राफिक' मासिकात प्रसिद्ध झाली. भारतात वन अधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० नंतरच्या दशकात याच रीतीने वाघांची छायाचित्रे घेतली. पुढे २०१८-१९ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे बसविण्यात आले. वाघ मोजणारे हे साधन शेताच्या बांधावरही तितकेच उपयोगी पडते.

कॅमेऱ्याचे कार्य

आताच्या कॅमेऱ्यास दोरी लागत नाही. त्याच्या दर्शनी भागात उष्णता ओळखणारा एक संवेदक असतो. भोवतालच्या हवेपेक्षा निराळ्या उष्णतेचे शरीर त्याच्या समोरून हलले की कॅमेरा जागा होतो व छायाचित्र टिपतो. रात्री डोळ्यांना न दिसणाऱ्या किंवा अगदी मंद तांबूस भासणाऱ्या प्रकाशात तो काम करतो. त्यामुळे रात्रीची छायाचित्रे काळी-पांढरी येतात. प्रत्येक छायाचित्रावर तारीख व वेळ उमटते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हीच त्यातील सर्वांत मोलाची नोंद होय.

पहिल्या रात्रीचा अनुभव

वनालगतच्या एखाद्या शेतकऱ्याने प्रथमच असा कॅमेरा बांधला आहे, अशी कल्पना करावी. बांधावरील बाभळीस छातीइतक्या उंचीवर तो कॅमेरा बांधतो व उत्सुकतेने सकाळची वाट पाहतो. सकाळी शेकडो छायाचित्रे निघतात. पण त्यांत डोलणारे गवत व हलणाऱ्या फांद्या यांखेरीज काहीच नसते. सूर्य उगवल्यानंतरची छायाचित्रे तर पांढरीफटक असतात. एका छायाचित्राच्या कडेला मात्र एक शेपूट व मागचे दोन पाय दिसतात. प्राणी आला होता. पण कॅमेरा जागा होईपर्यंत तो निघून गेला.

येथे निराश होण्याचे कारण नाही. पहिली रात्र ही बहुधा कॅमेऱ्याची नव्हे, तर तो बांधणाऱ्याची परीक्षा असते. दोष दुरुस्त करणे अवघड नाही. कॅमेरा चितळाच्या अंगाइतक्या उंचीवर, म्हणजे गुडघ्याच्या वर व कमरेच्या खाली बांधावा. समोरचे गवत व लोंबत्या फांद्या काढून टाकाव्यात. तोंड शक्यतो उत्तरेकडे ठेवावे, म्हणजे उगवता वा मावळता सूर्य समोर येत नाही. प्राण्याच्या वाटेवर आडवा रोख न धरता तिरपा धरावा, म्हणजे प्राणी अधिक वेळ समोर राहतो. तारीख व वेळ तपासून घ्यावी, कारण चुकीच्या वेळेची नोंद ही नोंद नसल्याहून वाईट. उन्हाळ्यात हवाच प्राण्याच्या अंगाइतकी तापते, तेव्हा संवेदक मंदावतो, हेही ध्यानात असावे.

छायाचित्र काय सांगते

काही रात्रींनंतर त्या शेतकऱ्याच्या हाती निराळेच चित्र येते. सायंकाळी दिवेलागणीच्या सुमारास नाल्याच्या काठाने चितळांचा कळप येतो. अंगावरचे पांढरे ठिपके काळ्या-पांढऱ्या छायाचित्रातही स्पष्ट दिसतात. पुढे मादी, मागे पाडस, सर्वांत शेवटी शिंगाळ नर. पहाटे तोच कळप त्याच वाटेने परततो. मध्यरात्री जो कळप दिसतो तो मात्र रानडुकरांचा असतो. आणि एका छायाचित्रात, सर्व गाव निजलेले असताना, गळ्यात दावे असलेली गावचीच दोन जनावरे हरभऱ्यात उभी असतात! सर्व दोष हरणांच्या माथी मारणारा शेतकरी हे पाहून काही क्षण गप्प होतो.

ओळख पटविताना काही खुणा उपयोगी पडतात. चितळ, सांबर व भेकर यांच्या नरांची शिंगे गळून पुन्हा येतात. त्यामुळे शिंगे नसलेला प्राणी मादीच असेल असे नाही. रोही व काळवीट हे हरणांच्या कुळातील नव्हेत. त्यांची शिंगे गळत नाहीत. छायाचित्रासोबत शेतातील खुणाही पाहाव्यात. हरणांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, म्हणून ती शेंडा ओरबाडून तोडतात व तुटलेले टोक खरबरीत राहते. सशाने कुरतडलेले टोक चाकूने कापल्यासारखे स्वच्छ असते. रानडुक्कर तोंडाने माती उकरतो.

माहितीचा उपयोग

कॅमेरा पीक राखीत नाही, ही गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. तो केवळ सांगतो. करावयाचे ते माणसानेच करावयाचे असते. परंतु चोर, वाट व वेळ कळली की श्रम वाचतात. रात्रभर चारही बाजूंना फिरण्याऐवजी दिवेलागणीस व पहाटे नाल्याकडे जागल ठेवता येते. कुंपणाची सुरुवात कोणत्या बाजूने करावी हे ठरविता येते. शेजाऱ्यांनी पाळी लावून जागल केल्यास प्रत्येकास झोप मिळते. मोकाट जनावरांचा प्रश्न ग्रामसभेत, पुराव्यासह व भांडणाविना, मांडता येतो. वन्यप्राण्यांमुळे झालेल्या पीकनुकसानीचा अर्ज वन विभागाकडे विलंब न लावता करावा. छायाचित्र पंचनाम्याची जागा घेत नाही. पण त्यास आधार देते.

रागाच्या भरात काही ठिकाणी कुंपणात थेट वीज सोडली जाते. ही वीज हरीण व माणूस यांत भेद करीत नाही. पहाटे पाणी द्यायला निघालेला घरचाच माणूस तिला बळी पडू शकतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये अशी हत्या अपराध ठरते. फासे लावणे हेही तसेच.

ग्रामकार्यकर्त्यांनी दोन दक्षता विसरू नयेत. कॅमेरा आपल्याच शेतात बांधावा; वनात तो लावण्यास वन विभागाची परवानगी लागते. तसेच त्याचे तोंड पायवाटेकडे, पाणवठ्याकडे किंवा आयाबहिणींच्या जाण्यायेण्याच्या जागेकडे कधीही नसावे. कॅमेरा कोठे आहे हे शेजाऱ्यांना आधी सांगावे. गावाचा विश्वास गमावून मिळविलेले छायाचित्र कोणाच्याही उपयोगाचे नाही.

एका शेतकऱ्यास हे साधन परवडत नसेल, तर पाच जणांनी मिळून एक घ्यावे व पाळीने वापरावे. नोंदवहीत तारीख, वेळ, प्राणी, संख्या व दिशा एवढेच लिहावे. एका हंगामाची अशी वही पुढच्या हंगामात कुंपण कोठे घालावे, जागल कोठे ठेवावी आणि कोणत्या रात्री निर्धास्त झोपावे, हे सांगेल.