जखमी साक्षीदाराची जबानी : बोस्टन, १९८९

जोडीदाराचा खून स्वतः करून तो अनोळखी लुटारूने केल्याचे भासवणे हा गुन्ह्याच्या बनावाचा एक प्रकार असून, तपास भलत्या दिशेला वळावा म्हणून घटनास्थळ, पुरावे किंवा हकिगत जाणूनबुजून रचणे असा बनाव या संज्ञेचा अर्थ आहे. मागील लेखांकात घरातील विस्कटलेल्या सामानासारख्या भौतिक मांडणीचा विचार झाला. प्रस्तुत लेखांकातील चार्ल्स स्टुअर्ट प्रकरणात मात्र अशा मांडणीची फारशी गरजच पडली नाही, कारण खुनी हाच एकमेव साक्षीदार होता, तो स्वतः जखमी होता आणि त्याने सांगितलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायला शहराचे मन आधीच तयार होते.

२३ ऑक्टोबर १९८९ च्या रात्री स्टुअर्ट आणि त्याची सात महिन्यांची गर्भवती पत्नी कॅरोल, जी व्यवसायाने वकील होती, बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयातील प्रसूतिपूर्व मार्गदर्शन वर्गातून मोटारीने बाहेर पडली. थोड्याच वेळात गाडीतील फोनवरून स्टुअर्टने मदत मागितली: बंदूकधारी कृष्णवर्णीय माणूस सिग्नलपाशी गाडीत घुसला, त्याने गाडी मिशन हिल वस्तीकडे न्यायला लावली आणि लुटून दोघांवर गोळ्या झाडल्या, अशी त्याची हकिगत होती. आपण नेमके कुठे आहोत हे त्याला सांगता येईना. तेव्हा नियंत्रण कक्षातील कर्मचाऱ्याने त्याला बोलते ठेवले आणि परिसरातील गस्ती गाड्यांना आळीपाळीने भोंगे वाजवायला लावून, कोणता भोंगा फोनमधून ऐकू येतो यावरून मोटारीचा माग काढला. सुमारे तेरा मिनिटांचे हे संभाषण ध्वनिमुद्रित झाले आणि पुढे देशभर ऐकवले गेले. कर्मचाऱ्याची ही समयसूचकता खरोखर प्रशंसनीय होती. परंतु त्याच ध्वनिमुद्रणामुळे वेदनेने कण्हणारा पती हीच स्टुअर्टची प्रतिमा लोकांच्या मनात ठसली.

डोक्यात गोळी लागलेली कॅरोल काही तासांतच मरण पावली, तर शस्त्रक्रिया करून जन्माला घातलेले बाळ सतरा दिवस जगले. स्टुअर्टच्या पोटातील जखमही गंभीर होती आणि तिच्यामुळेच त्याच्यावरचा संशय मावळला. जखम किती खोल आहे यावरून ती कोणी केली हे सिद्ध होत नाही, हा तपासाचा अगदी प्राथमिक नियम आहे. तो इथे जवळजवळ विसरला गेला. पत्नीच्या खुनात पतीची चौकशी सर्वात आधी करण्याची रीत पोलिसांना ठाऊक नव्हती असे नाही, पण तिचा वापर तितक्या कठोरपणे झाला नाही.

कठोरपणा मिशन हिलच्या वाट्याला आला. तेथील कृष्णवर्णीय तरुणांना भर रस्त्यात थांबवून त्यांच्या झडत्या घेण्यात आल्या. अमेरिकी राज्यघटनेनुसार अशा झडतीसाठी त्या विशिष्ट व्यक्तीविषयी वाजवी संशय असावा लागतो. केवळ वर्ण आणि वस्ती जुळणे पुरेसे नसते. या झडत्यांतील घटनाबाह्य वर्तनावर राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयाने १९९० च्या अखेरीस अहवालातून ठपका ठेवला. दरम्यान विली बेनेट या कृष्णवर्णीय पुरुषावर संशय केंद्रित झाला होता. २८ डिसेंबर १९८९ रोजी ओळख परेड, म्हणजे संशयिताला इतरांबरोबर रांगेत उभे करून साक्षीदाराकडून त्याला ओळखून घेण्याची प्रक्रिया, पार पडली आणि स्टुअर्टने बेनेटकडे बोट दाखवले. जो हल्लेखोर अस्तित्वातच नव्हता, त्याला चेहरा आणि नाव मिळाले ते या प्रक्रियेतून. ओळख परेडमध्ये साक्षीदाराची स्मृती तपासली जाते, त्याचा प्रामाणिकपणा मात्र गृहीत धरला जातो.

बनाव उघडकीस आला तो तपासामुळे नव्हे. ३ जानेवारी १९९० रोजी स्टुअर्टचा धाकटा भाऊ मॅथ्यू अधिकाऱ्यांपुढे आला आणि त्या रात्री ठरल्याप्रमाणे आपण मोटारीपाशी जाऊन चार्ल्सकडून कॅरोलची पर्स आणि रिव्हॉल्व्हर घेतल्याचे त्याने सांगितले. विमा कंपनीला फसवण्याचाच हा बेत आहे, अशी आपली समजूत होती, असे त्याचे म्हणणे होते. या वस्तू त्याने रेव्हिअर येथील पाइन्स नदीत फेकल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी सकाळी चार्ल्सने टोबिन पुलावरून उडी घेऊन आत्महत्या केली, आणि नंतर पाणबुड्यांनी नदीतून रिव्हॉल्व्हर बाहेर काढले. चार्ल्स ज्या फरच्या कपड्यांच्या दुकानात व्यवस्थापक होता, तेथून नाहीसे झालेले शस्त्र हेच होते.

आरोपीच मरण पावल्याने खुनाचा खटला उभा राहिला नाही आणि विम्याचा पैसा किंवा नको असलेले मूल, यांपैकी कोणता हेतू खरा, हे न्यायालयात कधीच तपासले गेले नाही. मॅथ्यूने १९९२ मध्ये विमा फसवणुकीसह अन्य आरोप मान्य करून शिक्षा भोगली. कॅरोलच्या माहेरच्यांनी तिच्या नावाने प्रतिष्ठान स्थापन करून मिशन हिलच्याच विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या, ही गोष्ट या प्रकरणात फार कमी वेळा सांगितली जाते आणि ती सांगायलाच हवी. बोस्टन शहराने मात्र बेनेट आणि त्याच्याआधी संशयित ठरवलेल्या आणखी एका कृष्णवर्णीय पुरुषाची महापौर मिशेल वू यांच्यामार्फत जाहीर माफी मागितली ती डिसेंबर २०२३ मध्ये, चौतीस वर्षांनी.