नट आवळा, पण किती?

दोस्तांनो, नागपूरच्या गणेशपेठ बसस्थानकावर गेलात, तर उभ्या असलेल्या एस.टी.च्या चाकाकडे जरा नीट बघा. मधोमध गोलाकार बसवलेले आठ-दहा नट दिसतील. एवढी मोठी बस, पन्नासेक माणसं, वर त्यांचं सामान. हे सगळं ओझं त्या चिमुकल्या बोल्टांवर? नाही बरं का!

घरी एक प्रयोग करा. सहा-सात पुस्तकांची उभी रांग दोन तळहातांमध्ये घट्ट दाबा आणि उचला. मधल्या पुस्तकांना खालून आधार नाही, तरी ती पडत नाहीत! आता दाब सैल करा. धप्प! पुस्तकं धरून ठेवली होती ती घर्षणाने, आणि घर्षण होतं दाबामुळे.

चाकाचंही तसंच. नट आवळला की बोल्ट स्प्रिंगसारखा केसभर ताणला जातो. तो परत आखडायला बघतो आणि चाक हबवर घट्ट दाबून धरतो. ओझं पेलतं ते मुख्यतः घर्षण.

नट सैल राहिला तर? चाक हबवर किंचित हलू लागतं आणि प्रत्येक फेऱ्याला बोल्ट इकडून तिकडे वाकतो. बसचं चाक एका किलोमीटरला साधारण ३०० फेरे घेतं. नागपूर ते अमरावती सुमारे १५० किलोमीटर. करा गुणाकार! ४५,००० हिसके! तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते ना? तशीच बोल्टमध्ये बारीक चीर पडते, वाढत जाते आणि एक दिवस बोल्ट तुटतो. याला म्हणतात 'धातूचा थकवा'. एक तुटला की त्याचा भार शेजारच्यांवर पडतो.

मग पान्याला लांब पाईप लावून, त्यावर उभं राहून आवळायचं का? तेही चूक! बॉलपेनची स्प्रिंग फार ताणली की पुन्हा आखडत नाही. बोल्टही तसाच लांबतो, आटे खराब होतात, पकड जाते.

म्हणूनच जोर मोजणारा पाना असतो, टॉर्क रेंच. कंपनीने ठरवलेल्या आकड्याइतकंच आवळायचं, तेही समोरासमोरचे नट पाळीपाळीने. चाक बदलल्यावर थोडं अंतर गेलं की नट पुन्हा तपासायचे, कारण मधला रंग-गंज दबला की पकड ढिली होते.

आणि हो, तुमच्या शाळेच्या बसच्या नटांभोवती गंजाचे ओघळ दिसले, तर ड्रायव्हरकाकांना जरूर सांगा. नट सैल असल्याची ती खूण असू शकते!