शंभर पोपट आणि ऐंशी आजी-आजोबा

न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू बर्लिन या छोट्या गावात चेस मेमोरियल नावाचं वृद्धांचं शुश्रूषागृह होतं. १९९१ साली बिल थॉमस हा ३१ वर्षांचा डॉक्टर तिथे वैद्यकीय संचालक म्हणून आला. राहणारे सुमारे ८०. बहुतेक परावलंबी, अनेकांना स्मृतिभ्रंश. जेवण वेळेवर, औषधं वेळेवर, तरी माणसं खंगत चाललेली. थॉमसने तपासण्या केल्या, औषधं बदलून पाहिली. गुण येईना, तेव्हा त्याने वेगळंच निदान केलं. इथली खरी दुखणी तीन: कंटाळा, एकटेपणा आणि असहायता.

त्यावर त्याने योजलेला उपाय ऐकून व्यवस्थापन चक्रावलं. दोन कुत्रे, चार मांजरी, १०० पोपट, खोलीखोलीत झाडं, हिरवळीच्या जागी भाजीचे वाफे आणि कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी आवारातच पाळणाघर. नियमांत इतकं काही बसत नव्हतं. थॉमसने खटपटी करून परवानगी आणि सरकारी अनुदान मिळवलं.

सुरुवात गोंधळातच झाली. पोपट आले, पण पिंजरे पोहोचले नव्हते. पक्षी आणणाऱ्याने शंभरच्या शंभर पोपट तळमजल्यावरच्या केशकर्तनालयात सोडले, दार लावलं आणि निघून गेला. पिंजरे आले तेही सुटे, जोडायचे बाकी. कर्मचारी पक्ष्यांमागे धावत होते आणि आजी-आजोबा काचेतून बघत पोट धरून हसत होते. पुढे कुत्र्याची घाण कोणी काढायची यावरून कुरबुरीही झाल्या. आम्ही नर्स आहोत, हे आमचं काम नव्हे, असं काहींचं म्हणणं.

पण हळूहळू चित्र पालटलं. पोपटांना नावं मिळाली, मालक मिळाले. अबोल झालेली माणसं बोलू लागली. चालता येत नाही असं ज्यांच्याबद्दल सगळ्यांनी धरून चाललं होतं, ते ‘कुत्र्याला मी फिरवून आणतो’ म्हणत पुढे आले. जवळच्या दुसऱ्या शुश्रूषागृहाशी दोन वर्षं तुलना केली गेली. चेसमध्ये माणशी औषधं तिथल्या निम्म्यावर आली, औषधांचा खर्च ३८ टक्क्यांवर आणि मृत्यू १५ टक्क्यांनी घटले. हे नेमकं कशामुळे झालं, ते आकडे सांगत नाहीत. थॉमसचं उत्तर मात्र ठाम होतं: जगायला काही कारण लागतं.

ही हकिगत जगभर पोहोचवली डॉ. अतुल गावंडे यांनी, ‘बीइंग मॉर्टल’ (२०१४) या पुस्तकात. त्यांच्या वडिलांचं मूळ गाव विदर्भातलं. शंभरी ओलांडलेले आजोबा भरल्या घरात, शेवटपर्यंत शेतावर नजर ठेवून जगले, हेही त्याच पुस्तकात आहे.

चेसच्या आधी, १९७०च्या दशकात, एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी कनेक्टिकटमधल्या एका शुश्रूषागृहात साधा प्रयोग केला होता. दोन्ही गटांना रोपं दिली. एका गटाला सांगितलं, याची काळजी तुम्ही घ्यायची. दुसऱ्याला सांगितलं, पाणी नर्स घालतील. पहिला गट अधिक उत्साही आणि सजग दिसला. रोप तेच, फरक जबाबदारीचा.

वृद्धाश्रमात कार्यक्रम आखणाऱ्यांनी यातून घ्यायचं ते हेच. सोमवारी भजन, बुधवारी हाऊजी, शनिवारी शाळेतल्या मुलांची भेट असं वेळापत्रक भरगच्च असू शकतं, आणि तरीही रहिवासी त्यात निव्वळ प्रेक्षक असतात. भजनाची पेटी आजोबांनी वाजवायची, मुलांना विणकाम आजींनी शिकवायचं, कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालायचं काम एकाच्या नावावर लावून द्यायचं. ते माणूस एक दिवस आलं नाही तर काम अडलं पाहिजे.